बारा फुटी बाज

ज्ञानदेव साळवे हा माणूस प्रश्न विचारल्याशिवाय साधं पाणीही पीत नसे. टाकी कधी धुतली, झाकण होतं का, असेल तर ते शेवटचं कोणी उघडलं, एवढं कळल्यावर मग घोट. कुरकुंभच्या एका औषधाच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळत. तिथल्या खिडकीशी साधा नट मागायला आलेल्या माणसालाही "कशाला, कुठं आणि जुना कुठाय" या तीन पायऱ्या चढाव्याच लागत. त्यामुळं त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा घोटाळा एक प्रश्न न विचारल्यामुळं झाला, हे दौंडच्या त्यांच्या सोसायटीत अजून कोणाला पटत नाही.

झालं असं, की कारखान्याचे जनरल मॅनेजर साहेब कुठल्याशा विमानतळावर एक शिल्प बघून आले. तारा, पाइप आणि गावातल्या बायकांचं विणकाम असं सगळं मिळून केलेलं. आपल्याही गेटसमोरच्या बागेत असं काहीतरी हवं, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्यांनी ज्ञानदेवांना केबिनमध्ये बोलावलं.

"ज्ञानदेवजी, कोलॅबोरेटिव्ह. मिक्स मीडिया. समझे? स्क्रॅप हमारा, बुनाई गांव की. और बनाना है एक बाज. बारह फुट का. एकदम तन के खडा होना चाहिए."

साहेब कानपूरकडचे. त्यांच्याकडं बाज म्हणजे ससाणा. पण ज्ञानदेवांच्या डोळ्यांसमोर आली ती इनामगावला ताईबाई आत्याच्या अंगणात असते ती, चार खुरांची, विणलेली, पाठ टेकायची बाज. विणकाम म्हटल्यावर दुसरं काय येणार? बारा फुटांची कशाला आणि उभी कशाला, हे दोन प्रश्न त्यांच्या जिभेवर आलेही होते. पण 'मिक्स मीडिया'ला त्यांनी नुकतीच "हां हां, मालूम है" अशी मान डोलावली होती आणि कलेतलं कळणाऱ्या माणसानं लगेच असले प्रश्न विचारणं त्यांना बरं दिसेना.

"खडी करेंगे सर. बाज खडी करेंगे," ते म्हणाले.

खडा आणि खडी. एवढ्या एका वेलांटीवर सगळं निभावलं असतं. पण ज्ञानदेवांना वाटलं, हिंदीत बाज पुल्लिंगी असेल, त्यांच्यात दहीसुद्धा पुल्लिंगी असतं. साहेबांना वाटलं, मराठी माणसाची हिंदी, चालायचंच. दोघांनी मोठ्या मनानं एकमेकांचं व्याकरण माफ केलं आणि हात मिळवले. वर साहेब म्हणाले, "फोटो मत भेजना. मुझे सरप्राइज चाहिए."

रविवारी ज्ञानदेव मोटरसायकल काढून इनामगावला गेले. आई लवकर गेल्यावर ते वाढले ते आत्याकडं. आत्याचं वय आता पंच्याहत्तरच्या पुढं, पण घोड नदीच्या काठच्या त्या चार-दोन वस्त्यांत कुणाची बाज सैल झाली की अजून तिलाच हाक येई. पूर्वी सुंभ असायचा, आता ती औद्योगिक वसाहतीतून येणाऱ्या पॅकिंगच्या प्लास्टिक पट्ट्या वापरी. त्या पट्टीला ढेकूण लागत नाहीत, असं तिचं म्हणणं.

"जयभीम आत्या. एक बाज विणायची आहे. बारा फुटांची."

"बारा?" आत्यानं त्यांच्याकडं नीट बघून घेतलं. "मानूस केवढा हाय त्यो?"

"झोपायची नाही. कंपनीच्या दारात उभी करायची. बघायला."

आत्याचे हात थांबले. "लोकं बगणार? नुस्ती बगणार?"

"नुसती बघणार."

"साठ वरसं बाजा इनल्या रं," आत्या म्हणाली. "मानूस येतो आन् बूड टेकतो. वीण ऱ्हाती बुडाखाली. वरनं गोधडी. एकानं कवा खाली वाकून बगितली न्हाई. करते मी. पर ती उभी ऱ्हायली की मला लांबनं बगायची हाय. एकदाच."

ज्ञानदेवांनी हो म्हटलं. त्या क्षणापासून कंपनीची बाग, साहेब, मिक्स मीडिया हे सगळं त्यांच्या मनात मागं पडलं आणि आत्याची बाज उभी राहिलेली आत्याला दाखवायची, एवढं एकच काम उरलं.

आता काम म्हटलं की अभ्यास आला. गाठ न मारता पट्टीला पट्टी धरून कशी राहते, हे त्यांना कळेना. म्हणून त्यांनी आत्याची एक जुनी बाज टेम्पोत घालून दौंडला आणली आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला उभी टेकवली. दोन्ही बाजूंनी बॅटरी मारून बघितली, वहीत आकृत्या काढल्या आणि ते जेवायला वर गेले.

तळमजल्यावरच्या सिंधूबाईंनी उभी बाज बघितली. त्यांच्या गावाकडं बाज उभी करतात ती घरातलं माणूस गेल्यावर. त्यात ज्ञानदेवांच्या पत्नी अनुपमा दोन दिवस दिसल्या नव्हत्या, कारण त्या माहेरी केंदूरला गेल्या होत्या. सिंधूबाईंनी मनाशी ताळा केला, डोळ्यांना पदर लावला आणि वरच्या तिन्ही मजल्यांना कळवलं.

ज्ञानदेव खाली आले तर खांद्यावर टॉवेल टाकलेले सात-आठ पुरुष पार्किंगमध्ये हळू आवाजात बोलत उभे. कोणीतरी थर्मासमध्ये चहा आणला होता. आपल्या शिल्पाची बातमी इतक्या लवकर पसरली याचं त्यांना बरंच वाटलं.

"कवा?" एकानं त्यांच्या पाठीवर हात ठेवून विचारलं.

"पुढच्या महिन्याच्या पंधराला."

"एवढं लांबवायचं?"

"साहेब बाहेरगावी आहेत ना. त्यांच्याच हातून करायचं आहे."

माणसं एकमेकांकडं बघू लागली. "आन् कुठं?" दुसऱ्यानं भीत भीत विचारलं.

"कुरकुंभला, कंपनीच्या गेटसमोर. बारा फूट उंच उभी करायची. मिक्स मीडिया."

"मंग च्यानलवाले बी येणार?" सिंधूबाईंनी विचारलं आणि त्यांना पुन्हा हुंदका आला. तेवढ्यात कोणीतरी शहाणपणानं केंदूरला फोन लावला. "पाव्हणं, अनुपमाताईंचं फार वाईट झालं," असं तो म्हणाला, आणि पलीकडून आवाज आला, "कुठल्या अनुपमाताई? मी अनुपमाच बोलतेय."

अनुपमा संध्याकाळच्या आतच परत आल्या. "बावीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी एवढी माणसं कधी जमली नव्हती," त्या म्हणाल्या, "ती नेमकी मी नसताना जमली." पुढं आठवडाभर ज्या बाईच्या हातचा चहा घ्यायचा ती जिवंत आहे याबद्दल प्रत्येक पाहुणा आनंद व्यक्त करत होता आणि ज्ञानदेव खाली मान घालून बिस्किटं पुढं करत होते.

काम मात्र जोरात सुरू झालं. सत्यजीत नावाचा फॅब्रिकेटर होता, त्यानं नापास झालेल्या स्टीलच्या पाइपांची बारा बाय आठची चौकट करून इनामगावला आणून टाकली. टेपनं मोजून, लेव्हल लावून. आत्यानं ती वितीनं मोजली आणि म्हणाली, "एक कोपरा दोन बोटं भाईर हाय." सत्यजीतनं तीनदा टेप लावला. कोपरा दोन बोटं बाहेरच होता. त्यानंतर तो आत्याला विचारल्याशिवाय वेल्डिंगचा चष्माही घालेना.

निळ्या आणि पांढऱ्या पट्टीची चौदा बंडलं स्टोअरमधून गेली. शेजारच्या धुरपदाबाई आणि आणखी तिघीजणी हाताखाली आल्या. चौकट दगडांवर आडवी, आत्या मधोमध बसून वीण भरत पुढं पुढं सरकणार आणि बाकीच्या कडेनं पट्टी ताणून धरणार. पांढऱ्यावर निळ्या चौकटी उठू लागल्या. इनामगावात पूर्वी पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या टेकाडावर पुण्याची माणसं येऊन जुनी भांडी उकरून गेली होती, त्यामुळं काहीही विचित्र चाललेलं दिसलं की लोक शांतपणे "खोदकामवाले आलेत" म्हणत. ते बघून जात आणि कोणी तरी विचारी, "सापडलं का काय?" ज्ञानदेव रोज एक नवीन प्रश्न घेऊन बसत. पट्टी दोनांवरून का जाते, एकावरून का नाही? आत्या म्हणे, "इचारू नगंस, धर." मग ते धरत. बोटं कापली तरी त्यांना ते आवडू लागलं होतं.

अधूनमधून साहेबांचा फोन येई. "कैसा बन रहा है अपना बाज?"

"बहुत बढिया सर. पैर एकदम मजबूत है."

"पैर नहीं, पंजे बोलते हैं. फैलाव कितना है?"

"आठ फुट सर. इस छोर से उस छोर." हिंदीत खुरांना पंजे म्हणतात, अशी त्यांनी वहीत नोंद केली.

"वाह. देखो, ऐसा लगना चाहिए कि अभी उडेगा."

ज्ञानदेव दचकले. "नहीं सर, नहीं उडेगी. फाउंडेशन में बोल्ट डालेंगे."

साहेब पलीकडं पोट धरून हसले. "आप बडे मजाकिया हैं," म्हणाले.

चौदा तारखेला बाज ताडपत्रीत गुंडाळून टेम्पोतून कुरकुंभला निघाली आणि कंपनीच्या गेटवर अडकली. बाग गेटसमोर असली तरी कुंपणाच्या आत होती. गेटवर सिक्युरिटीचे मारुतराव. पलटणीतून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी गेटपास वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"साळवेसाहेब, पासवर लिवलंय, प्लास्टिक पट्टी, चौदा बंडलं, परत आणण्याच्या बोलीवर. ह्यात बंडलं कुठं हायती?"

"ती विणली, मारुतराव."

"मंग उसवा."

"अहो, बाज केली आहे तिची."

"बाज भाईर गेलीच न्हाई, तर आत कशी येईल? जे गेलं तेच, तसंच, तेवढंच परत येणार. नियम हाय."

"कोणी केला असला नियम?" ज्ञानदेव तडकून म्हणाले, आणि म्हणताना त्यांना आठवलं. चार वर्षांपूर्वी एक ड्रिल मशीन बाहेर गेलं आणि त्याचा नुसता खोका परत आला, तेव्हा तो नियम त्यांनी स्वतः लिहिला होता. खाली त्यांची सही होती आणि मारुतरावांनी तो केबिनच्या काचेला चिकटवलेला होता.

तासभर बाज उन्हात उभ्या टेम्पोत पडून राहिली. बदल करायचा तर साहेबांची सही हवी आणि साहेब विमानात. शेवटी मारुतरावांनाच दया आली. मालाच्या रजिस्टरात बसत नाही ना, मग व्हिजिटरमध्ये घेऊ, असं ते म्हणाले. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: नाव, बाज. गाव, इनामगाव. कोणाला भेटायचं, जीएम साहेब. कामाचं स्वरूप, उभं राहणे. मग व्हिजिटरचा बिल्ला काढून तो एका खुराला बांधला आणि हेल्मेटची सक्ती असल्यामुळं एक हेल्मेटही वर अडकवलं. ज्ञानदेवांनी सोबतचा जबाबदार माणूस म्हणून सही केली. स्टोअरच्या खिडकीतून बघणाऱ्या लोकांच्या चेहऱ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

हायड्रा क्रेननं बाज ताडपत्रीसकटच उभी केली आणि बोल्ट आवळले. सरप्राइज म्हणजे सरप्राइज.

पंधराला सकाळी साहेबांनी परस्पर करायला सांगितलेली पाटी पुण्याहून आली. सत्यजीतनं खोका फोडला आणि पाटी वर उचलली. ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं होती: 'बाज. उत्तुंग भरारीचे प्रतीक.' आणि वर पंख पसरलेला, वाकड्या चोचीचा एक पक्षी कोरलेला.

"साळवेसाहेब," सत्यजीत म्हणाला, "ह्या पाखराचा काय संबंध?"

ज्ञानदेवांनी पाटी वाचली. मग त्यांच्या डोक्यात पंजे, फैलाव, अभी उडेगा आणि ती वेलांटी असं एकामागून एक येऊन बसलं. ते बागेच्या कठड्यावर बसले आणि त्यांनी सत्यजीतला सगळं सांगितलं.

सत्यजीतनं डोकं खाजवलं. कारागीर माणूस, त्याला अडचण दिसली की आधी उपायच सुचे. "अजून दीड तास हाय. पत्र्याची चोच मारतो वरच्या टोकाला. दोन्ही बाजूला पंख. वीण सगळी झाकून जाईल, कुणाला कळणार बी न्हाई बाज हाय म्हणून. म्हंजी, बाज न्हाई म्हणून."

उपाय चांगला होता. नोकरीतली अजून सहा वर्षं, साहेबांची मर्जी, खिडकीतले ते चेहरे, सगळं त्या चोचीनं वाचलं असतं. ज्ञानदेवांनी समारंभासाठी घातलेल्या मांडवाकडं बघितलं. आत्या नवं हिरवं लुगडं नेसून पहिल्या रांगेच्या खुर्चीवर बसली होती. मधे येणाऱ्या एका ऑफिसरला ती हातानं बाजूला सरकवत होती, कारण तिथून ताडपत्री नीट दिसत नव्हती.

"चोच नको," ते म्हणाले.

"साहेब काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते मला म्हणतील. आत्याच्या बाजेला चोच लावायची नाही."

दहाला साहेब आले. सोबत मुंबईच्या मुख्य ऑफिसातल्या मोठ्या मॅडम होत्या. पहिल्या पाळीची माणसं जमली. मॅडमनी दोरी ओढली, ताडपत्री खाली आली आणि बारा फुटांची निळी-पांढरी बाज ताठ उभी राहिलेली सगळ्यांना दिसली. मागून ऊन येत होतं आणि प्रत्येक चौकटीच्या कडेनं ते झिरपत होतं. कोणी टाळी वाजवली नाही.

"ज्ञानदेवजी," साहेब हळूच म्हणाले, "ये क्या है?"

"सर, बाज."

"बाज?"

"आपने बोला था, बारह फुट की."

"मैंने बारह फुट *का* बोला था."

"मुझे लगा आपका ग्रामर..."

"मुझे लगा आपका," साहेब म्हणाले.

मॅडम मात्र पुढं गेल्या होत्या. त्या नागपूरच्या. त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे वळवलंय कसं? पट्टी कुठंच तुटलेली नाही." ज्ञानदेवांना राहवेना, ते सांगायला गेले. साहेब ऐकायचं नाही म्हणून जरा लांब थांबले, मग जवळ आले, मग वाकून मागच्या बाजूला गेले. "पीछे से भी सेम है?" त्यांचा आवाज आला. रात्रपाळी करून कार्यक्रमासाठी थांबलेला एक ऑपरेटर बाजेकडं बघून इतक्या प्रेमानं जांभई देत होता, की मॅडमना हसू आलं. "पाटी बदलावी लागेल का?" त्यांनी विचारलं. साहेबांनी पाटी वाचली. "बाज तो लिखा ही है," ते म्हणाले. "पक्षी के ऊपर एक हार डाल दो." ज्ञानदेवांच्या जिवात जीव आला.

मग त्यांनी आत्याला शोधलं. ती खुर्चीवर नव्हती. उलट्या पावलांनी मागं मागं जात ती पार कंपनीतल्या रस्त्याच्या कडेला पोचली होती आणि कपाळावर हात धरून बाजेकडं बघत होती. ज्ञानदेव धावत गेले. "बघितलीस का आत्या? उभी राहिली."

"उतरवा," आत्या म्हणाली.

"काय?"

"खाली घ्या ती. खालनं सातवी आडवी पट्टी. दोनावरनं जायची ती तिनावरनं गेली. चौकटीचं टोक मोडलंय."

सगळे बघू लागले. कोणालाही काही दिसेना. साहेब हात जोडून म्हणाले, "माताजी, किसी को नहीं दिखेगा."

आत्याला शब्द कळले नसतील, सूर कळला. "मला दिसतंय नव्हं? आडवी असंस्तवर दिसलं न्हाई. अशा किती चुकल्या असतील, लोकं झोपली त्यांच्यावर. हिला बगायला केलीय."

हायड्रा पुन्हा बोलावला. बोल्ट काढले. बाज मांडवासमोर आडवी झाली आणि आत्या लुगडं खोचून मधोमध जाऊन बसली. धुरपदाबाईंना आणायला वेळ नव्हता, म्हणून ताणायला हाताला लागतील ती माणसं घेतली. एका टोकाला मॅडम, त्यांच्याशेजारी मारुतराव, दुसऱ्या टोकाला सत्यजीत आणि साहेब. साहेबांनी कोट काढून पाटीवर ठेवला.

"तान," आत्या साहेबांना म्हणाली. "तान की नीट. जेवला न्हाईस का?"

"क्या बोल रही हैं?"

"बोल रही हैं, खींचो," ज्ञानदेव म्हणाले.

साहेबांनी खेचली. बोट कापलं, तरी त्यांनी सोडली नाही, आणि थोड्या वेळानं त्यांनीच वाकून विचारलं, "ये दो के ऊपर से ही क्यों जाती है?"

"इचारू नगंस," आत्या म्हणाली. "धर."

पाऊण तास लागला. बाज पुन्हा उभी राहिली, बोल्ट आवळले, आणि पाहुणे, ऑफिसर, दोन्ही पाळ्यांची माणसं वाट बघत थांबली. आत्या कसलीही घाई न करता रस्त्यापर्यंत मागं गेली. तिनं खालून वरपर्यंत एकेक ओळ तपासली. मग डोळे पुसले, आणि ती सगळ्यांकडं वळून म्हणाली, "आता बगा."